वैद्य, कवी आणि तार्किक : जैन आचार्यांची बहुविध विद्या

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरी टेकडीवर पार्श्वनाथ बसदीत एक विस्तृत संस्कृत शिलालेख आहे. शके १०५०, म्हणजे इ. स. ११२९ मध्ये कोरलेला हा लेख मल्लिषेण प्रशस्ती या नावाने ओळखला जातो. त्यात आचार्य समंतभद्र एका राजासमोर उभे राहून आपल्या प्रवासाचा वृत्तांत सांगतात. प्रथम पाटलिपुत्रात वादाची भेरी वाजविली, नंतर माळवा, सिंधू, ठक्क, कांची आणि विदिशा येथे वाजविली, आणि आता शूरांनी व विद्वानांनी गजबजलेल्या करहाटक नगरीत वादासाठी आलो आहे, असा त्याचा आशय आहे. हे करहाटक म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमावरील आपले कराड. पिंपरी-चिंचवडहून बंगळूर महामार्गाने निघालेला मालट्रक सातारा ओलांडून ज्या गावाजवळून जातो, तेथे जैन न्यायशास्त्राचा एक थोर आचार्य वादार्थी म्हणून आल्याची आठवण शेकडो वर्षांनंतरच्या शिल्पकाराने दगडात जपली आहे.

परंपरेने जपलेल्या दुसऱ्या एका श्लोकात हेच समंतभद्र राजाला आपली ओळख करून देतात. त्या ओळखीत ते केवळ आचार्य नाहीत. ते कवी आहेत, वादिराज आहेत, पंडित आहेत, ज्योतिषी आहेत, आणि विशेष म्हणजे वैद्यही आहेत. आजच्या वाचकाला ही आत्मस्तुती वाटेल. निर्ग्रंथ मुनीच्या तोंडी ती कशी शोभेल, असा प्रश्नही पडेल. परंतु हा श्लोक त्यांनी स्वतः रचला की शिष्यपरंपरेने, हा वाद बाजूला ठेवला, तरी महत्त्वाची गोष्ट उरतेच. आचार्य कसा असावा याविषयी त्या काळच्या समाजाची जी कल्पना होती, तिच्यात तर्क, काव्य आणि वैद्यक एकाच व्यक्तीच्या ठिकाणी एकत्र नांदत होते.

आपला परिसर मुख्यतः एका माणसाने एकच काम अचूक करावे या तत्त्वावर उभा आहे. भोसरी, आकुर्डी, चाकण येथील कारखान्यांत दांडा घडविणारा वेगळा, त्याचे माप तपासणारा वेगळा, रंग देणारा वेगळा. त्यावाचून इतके उत्पादन होणे शक्य नाही, हे मान्यच केले पाहिजे. घराघरांतील शिक्षणही याच वळणाने गेले. समाजातील मुले-मुली डॉक्टर झाली, इंजिनिअर झाली, चार्टर्ड अकाउंटंट झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र पर्युषणात एकत्र बसल्यावर डॉक्टरने इंजिनिअरशी धर्मग्रंथांबद्दल काय बोलावे, हे दोघांनाही सुचत नाही. अशा वेळी प्राचीन आचार्यांनी इतक्या वेगवेगळ्या विद्या कशासाठी हाती घेतल्या, याचा विचार करणे उपयुक्त ठरेल. केवळ हौस किंवा प्रतिभा हे त्याचे कारण नव्हते.

या विचाराची दिशा आचार्य शुभचंद्रांच्या ज्ञानार्णव ग्रंथात सापडते. ग्रंथारंभी ते देवनंदी पूज्यपादांना वंदन करतात, आणि का करतात तेही सांगतात. प्राणिमात्राच्या शरीराचा, वाणीचा आणि चित्ताचा असे तिन्ही प्रकारचे मळ ज्यांच्या वचनांनी दूर होतात, ते हे देवनंदी, असा त्या वंदनाचा भाव आहे. शरीराचा मळ दूर करणारे ते वैद्यक, वाणीचा दूर करणारे ते व्याकरण आणि चित्ताचा दूर करणारे ते तत्त्वचिंतन. पूज्यपादांचे जैनेंद्र व्याकरण आणि तत्त्वार्थसूत्रावरील सर्वार्थसिद्धी टीका आजही उपलब्ध आहेत. त्यांचा वैद्यकग्रंथ आज हाती नाही, पण तो होता याची साक्ष पुढच्या वैद्यांनी देऊन ठेवली आहे. वैद्यक, शब्दविद्या आणि तत्त्वज्ञान या तीन विद्या तेव्हा तीन वेगळी खाती नव्हती. मन, वचन, काया या त्रयीलाच धरून त्यांची वाटणी झालेली होती, आणि ही त्रयी तर आपण रोज प्रतिक्रमणात उच्चारतो.

प्रथम वैद्यकाकडे वळू, कारण याविषयी समाजात फारच थोडी माहिती आहे. द्वादशांगांपैकी बारावे अंग दृष्टिवाद, त्यातील चौदा पूर्वांपैकी प्राणावाय हे पूर्व आरोग्यविद्येचे, असे परंपरा सांगते. ते पूर्व लुप्त झाले. परंतु राष्ट्रकूट काळात उग्रादित्याचार्यांनी रचलेला कल्याणकारक हा संस्कृत ग्रंथ त्या परंपरेचा वारसा सांगतो. तो रामगिरीवर रचला गेला. रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक असे काही विद्वान म्हणतात, तर काहींच्या मते ते आंध्र प्रदेशातील रामतीर्थ होय. ग्रंथाचे पंचवीस अधिकार आहेत. त्यांच्या पाठोपाठ मृत्यूची पूर्वचिन्हे सांगणारा रिष्टाध्याय आणि पथ्यापथ्याची मीमांसा करणारा हिताहिताध्याय जोडलेला आहे.

उग्रादित्यांनी आपल्या आधीच्या जैन वैद्यांची यादी दिली आहे, आणि ती यादी म्हणजे आजच्या विषयाचे जणू मूळ कागदपत्रच आहे. डोळे, कान, नाक, घसा यांच्या रोगांचे शालाक्यतंत्र पूज्यपादांनी सांगितले. शस्त्रक्रियेचे शल्यतंत्र पात्रस्वामींनी, विषे व ग्रहबाधा यांवरील उपाय सिद्धसेनांनी, कायचिकित्सा दशरथगुरूंनी, बालरोग मेघनादांनी आणि वाजीकरण व रसायन सिंहनादांनी सांगितले. समंतभद्रांनी तर आयुर्वेदाची आठही अंगे विस्ताराने वर्णिली. या नावांकडे जरा लक्षपूर्वक पाहावे. पूज्यपाद हे व्याकरणकार. पात्रस्वामी हे बौद्ध तर्काला हादरा देणारे नैयायिक. सिद्धसेन या नावाशी सन्मतितर्क हा प्राकृत तर्कग्रंथ जोडलेला आहे. समंतभद्र आप्तमीमांसेचे कर्ते. वैद्य आणि तार्किक ही माणसे तीच, की एकाच नावाच्या निराळ्या व्यक्ती, यावर पंडितांत मतभेद आहेत. पण नवव्या शतकातील एका जैन वैद्याला ती एकाच मालिकेत गुंफताना काहीही विसंगत वाटले नाही, ही वस्तुस्थिती त्या मतभेदांनी बदलत नाही.

हिताहिताध्याय हा या ग्रंथाचा प्राण होय. नृपतुंग, म्हणजे राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष, यांच्या सभेत अनेक विद्वान व वैद्य जमले असता मांसभक्षणाचे समर्थन खोडून काढण्यासाठी हे विवेचन केले, असे उग्रादित्य सांगतात. प्रसंगाचे गांभीर्य ध्यानात घेतले पाहिजे. त्या काळचे मान्य वैद्यकग्रंथ क्षयासारख्या रोगांवर मांसरस सांगत होते. आसव-अरिष्टे सांगत होते, मधाचे अनुपान सांगत होते. मुनी किंवा श्रावक आजारी पडला तर त्याने व्रत मोडावे की प्राण सोडावा? केवळ श्रद्धेने उत्तर देणे सोपे होते. उग्रादित्यांनी तसे केले नाही. मांस हे औषधच नव्हे, हे त्यांनी वैद्यकाच्याच परिभाषेत, दोष-धातू-गुणांच्या युक्तिवादाने मांडले. आणि नुसता निषेध करून न थांबता मद्य, मांस व मधु यांवाचून, वनस्पती व खनिज द्रव्यांवर उभारलेली संपूर्ण चिकित्सापद्धती लिहून ठेवली. हे नको म्हणणे एका वाक्याचे काम असते. त्याऐवजी काय, हे सांगण्यासाठी पंचवीस अधिकार लिहावे लागतात.

हा प्रश्न जुना झाला असे कोणी समजू नये. पिंपरी हे औषधनिर्मितीचे गाव. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने झाली आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. हॅमायसिन हे बुरशीजन्य रोगांवरील औषध येथेच शोधले गेले आणि त्याच्या नावातही कारखान्याच्या नावाची आद्याक्षरे आहेत. औषधाची कॅप्सूल हाती घेतली तर तिचे नेहमीचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेले असते. वनस्पतिजन्य आवरणाच्या कॅप्सूलही आता बनतात, पण त्या मागून घ्याव्या लागतात. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपारिन डुकराच्या आतड्यापासून काढतात. मधुमेहाचे इन्सुलिन कित्येक दशके गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून मिळवीत असत. १९८२ पासून जिवाणूंच्या साह्याने तयार केलेले मानवी इन्सुलिन उपलब्ध झाले आणि तो प्रश्न बराचसा सुटला. तो कोणी सोडविला? धर्माज्ञेचा आग्रह धरणाऱ्यांनी नव्हे, तर प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे खपणाऱ्यांनी. उग्रादित्य आज असते तर ते बहुधा त्या प्रयोगशाळेतच सापडले असते. समाजात आज इतके डॉक्टर व औषधविक्रेते आहेत. कोणते औषध कशापासून बनते आणि त्याला पर्याय कोणता, एवढी एक विश्वसनीय मराठी पुस्तिका त्यांनी तयार केली तरी हिताहिताध्यायाला आजच्या काळाची एक जोड मिळेल.

आता तर्काकडे. समंतभद्रांची आप्तमीमांसा अवघ्या ११४ कारिकांची आहे. तिचा आरंभ मोठा धीट आहे. देव दर्शनाला येतात, आकाशातून गमन होते, चामरे ढाळली जातात, हे सगळे मायावी जादूगारांच्या ठायीही दिसते. तेवढ्यामुळे, हे भगवन्, आपण आम्हांला थोर नाही, असे आचार्य साक्षात तीर्थंकरांना उद्देशून म्हणतात. मग थोर कशामुळे? ज्यांचे वचन युक्ती आणि शास्त्र यांच्याशी विसंगत नाही, म्हणून. चमत्काराच्या पत्रिका छापून वाटणाऱ्या आजच्या काळात हा आरंभ व्याख्यानांतून अधिक वेळा सांगितला जायला हवा.

त्याच ग्रंथात एक सराफी दृष्टांत आहे. सोन्याचा घट वितळवून मुकुट केला. घट हवा होता त्याला दुःख झाले, मुकुट हवा होता त्याला आनंद झाला, आणि ज्याला नुसते सोने हवे होते तो जसा होता तसाच राहिला. तिघांच्या भावना तीन आणि तिन्ही सकारण आहेत. म्हणून एकाच वस्तूत नाश, उत्पत्ती आणि स्थिरता एकाच वेळी असतात. त्रिपदीचे उत्पाद-व्यय-ध्रौव्य इतक्या सोप्या रीतीने व्यापाऱ्याला समजावून देणारे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. पुढच्याच कारिकेत दूध, दही आणि गोरस यांचा दृष्टांत आहे. दुधाचे व्रत घेतलेला दही खात नाही, दह्याचे घेतलेला दूध पीत नाही, आणि अगोरसव्रती दोन्ही सोडतो. म्हणजे दूध आणि दही भिन्नही आहेत आणि एकही आहेत. घराघरांत रसत्यागाचे व्रत पाळणाऱ्या श्राविकांना ही गोष्ट निराळी समजावण्याची गरज नाही.

पात्रस्वामींचे कार्य अधिक तांत्रिक आहे, पण मोलाचे आहे. बौद्ध नैयायिक म्हणत की, अनुमानातील हेतूच्या ठिकाणी तीन लक्षणे असली की तो निर्दोष ठरतो. पक्षात तो असावा, तशाच अन्य उदाहरणांत असावा, विरुद्ध उदाहरणांत नसावा. पात्रस्वामी म्हणाले, तिन्ही असूनही हेतू फसतो. एका स्त्रीची सर्व मुले सावळी आहेत म्हणून पोटातील मूलही सावळेच, या अनुमानात तिन्ही लक्षणे दिसतात, तरी निष्कर्ष पक्का नाही. खरे लक्षण एकच, अन्यथा-अनुपपत्ती, म्हणजे साध्यावाचून हेतू संभवतच नसणे. ते असेल तर त्या तिघांची गरज नाही, आणि नसेल तर ती तिन्ही व्यर्थ. चाकणच्या कारखान्यातील गुणवत्ता विभागात काम करणाऱ्याला हे तत्काळ पटेल. आधीचे नऊ नग मापात उतरले म्हणून दहावाही उतरेल, असे तो मानत नाही. तो यंत्राकडे, साच्याकडे, कारणाकडे पाहतो.

पात्रस्वामींचा त्रिलक्षणकदर्थन हा ग्रंथ मात्र काळाच्या उदरात गडप झाला. मग त्यांचे म्हणणे आज आपल्याला कसे ठाऊक? आठव्या शतकातील बौद्ध आचार्य शांतरक्षितांनी आपल्या तत्त्वसंग्रहात पात्रस्वामींचे मत मांडले आणि मग त्याचे खंडन केले, म्हणून. प्रतिपक्षाने खोडण्यासाठी का होईना, पण इमानाने नोंदवून ठेवले. आणि याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. भारतातून बौद्ध मठ नाहीसे झाले. तत्त्वसंग्रहाचे संस्कृत हस्तलिखित कोठे राहिले? पाटण आणि जैसलमेर येथील जैन ज्ञानभांडारांत. त्याच आधारे १९२६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेतून तो ग्रंथ छापला गेला. ज्या ग्रंथात आपल्या आचार्यांचे खंडन केले आहे, तो ग्रंथ जैन साधूंनी व श्रावकांनी शतकानुशतके वेष्टनात बांधून, वाळवीपासून जपून ठेवला. बौद्ध ग्रंथाने जैन मत राखले आणि जैन भांडाराने बौद्ध ग्रंथ राखला.

अनेकांत म्हणजे बौद्धिक अहिंसा, असे विसाव्या शतकात अनेकांनी म्हटले. आनंदशंकर ध्रुव यांनी १९३३ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेतर्फे प्रसिद्ध झालेल्या स्याद्वादमंजरीच्या प्रस्तावनेत या विचाराला वजन दिले. ते खरे आहे, पण अर्धे. समंतभद्र किंवा अकलंक यांचे ग्रंथ वाचले तर ते सर्वांचेच बरोबर असे म्हणणारे मवाळ गृहस्थ मुळीच वाटत नाहीत. ते एकांतवादाची एकेक बाजू घेऊन तिची चिरफाड करतात. मात्र चिरफाड करण्यापूर्वी ती बाजू पूर्ण आणि प्रामाणिकपणे मांडतात. आणि त्यासाठी दुसऱ्याचा ग्रंथ आधी मिळवावा लागतो, शिकावा लागतो. श्वेतांबर आचार्य हरिभद्रांनी बौद्धांच्या न्यायप्रवेशावर टीका लिहिली. समंतभद्रांच्या ११४ कारिकांवर अकलंकांची अष्टशती, तिच्यावर विद्यानंदांची अष्टसहस्री, आणि या दिगंबर ग्रंथावर सतराव्या शतकात श्वेतांबर उपाध्याय यशोविजयांचे विवरण, असा हा प्रवास आहे. आपल्या संस्थांच्या निवडणुकीत पंथाचा हिशेब जितक्या काटेकोरपणे होतो, तितका या मंडळींनी ज्ञानात केला नाही.

स्यात् या शब्दाचा अर्थ कदाचित असा करून स्याद्वादाला संशयवाद ठरविण्याची चूक पुष्कळांनी केली. स्यात् म्हणजे एका विशिष्ट अपेक्षेने, एका निश्चित दृष्टिकोनातून. हे ओळखणाऱ्यांत आधुनिक शास्त्रज्ञही होते. भारतीय संख्याशास्त्राचे जनक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ मध्ये सप्तभंगीचा संबंध संख्याशास्त्राच्या पायाशी जोडून दाखविला. तीन वर्षांनी जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी संख्या या त्यांच्याच नियतकालिकात स्याद्वादावर लेख लिहिला. त्यांपैकी एकही जैन नव्हता.

साहित्याचे क्षेत्र इतके विस्तीर्ण आहे की येथे फक्त दोन-तीन ठिकाणी थांबता येईल. पहिले ठिकाण अमोघवर्षाचेच. त्याचे गुरू जिनसेन यांनी पार्श्वाभ्युदय हे ३६४ श्लोकांचे काव्य रचले. त्याची रचना अद्भुत आहे. कालिदासाच्या मेघदूतातील प्रत्येक ओळ त्यांनी आपल्या श्लोकांत गुंफली आणि विरही यक्षाच्या काव्यातून भगवान पार्श्वनाथांवरील उपसर्गाची कथा उभी केली. उभे धागे कालिदासाचे, आडवे धागे जिनसेनांचे, आणि वस्त्र तिसरेच. कविकौशल्याचा हा खेळ वाटेल, पण त्याचा परिणाम दूरगामी झाला. नवव्या शतकात मेघदूताचा पाठ कसा होता, याचा सर्वांत जुना भरवशाचा पुरावा म्हणून विद्वानांना जिनसेनांचेच काव्य हाती आले. पुण्यात काशिनाथ बापू पाठक यांनी १८९४ मध्ये मेघदूताची जी आवृत्ती काढली, ती याच पार्श्वाभ्युदयाच्या आधारे. येथेही तीच गोष्ट घडली. दुसऱ्याची कविता जैन आचार्याच्या ग्रंथात सुरक्षित राहिली.

दुसरे ठिकाण कुवलयमालेचे. उद्योतनसूरींनी इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे ही प्राकृत कथा पूर्ण केली. तिच्यात बाजारपेठेचे एक वर्णन आहे. देशोदेशीचे व्यापारी आपापल्या बोलीत भाव करीत आहेत आणि मुनिवर्य प्रत्येकाचे रूप, स्वभाव आणि तोंडचे शब्द टिपून घेत आहेत. त्यात मराठाही आहे. सावळ्या अंगाचा, बांध्याने मजबूत, ठेंगणा, सोशिक, अभिमानी आणि भांडखोर. हे वर्णन बाराशे वर्षांपूर्वीचे असले तरी बाजारात उभ्या असलेल्या कोणालाही ते अनोळखी वाटणार नाही. मराठी बोलीच्या अगदी प्राचीन उल्लेखांत याची गणना होते. सर्वसंगपरित्याग केलेल्या मुनीने बाजारातील गलबला इतक्या कानकोंडेपणाने नव्हे, तर कान देऊन ऐकला, याचे कारण त्याला त्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलायचे होते. भगवान महावीरांनी अर्धमागधीत उपदेश केला, त्या परंपरेचाच हा धागा. दहाव्या शतकात मान्यखेट येथे पुष्पदंतांनी अपभ्रंश भाषेत महापुराण लिहिले तेही याच कारणाने.

आतापर्यंत आलेली नावे मुनींची. संसारी माणसाला हे कसे जमावे, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. तिचे उत्तर पंडित आशाधर यांच्या चरित्रात आहे. आशाधर गृहस्थ होते. बघेरवाल ज्ञातीचे होते, ही ज्ञाती विदर्भातील कारंजा भागात आजही नांदते आहे. मूळचे मांडलगडचे. परचक्रामुळे कुटुंबासह गाव सोडून ते धारानगरीला आले आणि पुढे नालछा येथे स्थायिक झाले. निर्वासित म्हणून आलेल्या या माणसाने धारेत व्याकरण व न्याय यांचे अध्ययन केले. त्यांनी पत्नी सरस्वती आणि पुत्र छाहड यांचा उल्लेख आपल्या प्रशस्तीत आवर्जून केला आहे. त्यांच्याकडे शिकणाऱ्यांत एक व्याकरणाचा, एक न्यायाचा, एक धर्मशास्त्राचा आणि एक काव्याचा विद्यार्थी होता. न्याय शिकणारे विशालकीर्ती हे वादींद्र म्हणून गाजले. काव्य शिकणारा मदन हा राजगुरू झाला. मुनींनी गृहस्थापाशी शिकण्यात तेव्हा कोणाला कमीपणा वाटला नाही.

श्रावकाचारावरील त्यांचे सागारधर्मामृत आपल्यापैकी पुष्कळांनी प्रवचनांत ऐकले असेल. त्यावरील स्वतःची टीका त्यांनी वि. सं. १२९६, म्हणजे इ. स. १२३९ च्या सुमारास पूर्ण केली. परंतु त्यांनी दिलेली आपल्या ग्रंथांची यादी वाचली की मन थक्क होते. स्याद्वादावर प्रमेयरत्नाकर. रुद्रटाच्या काव्यालंकारावर टीका. अमरकोशावर टीका. राजीमतीच्या विरहावर काव्य. आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर अष्टांगहृदयोद्योत नावाची टीका. तर्क, साहित्य आणि वैद्यक, तिन्ही एका गृहस्थाच्या लेखणीतून उतरलेली. रुद्रट, अमरसिंह, वाग्भट, यांपैकी कोणाच्याही ग्रंथावर लिहिताना तो आपल्या पंथाचा आहे का, हा प्रश्न त्यांना अडवू शकला नाही. या पाचही ग्रंथांपैकी आज एकही उपलब्ध नाही. नावे फक्त उरली आहेत.

ग्रंथ नष्ट कसे होतात याला आक्रमणे, आगी, पूर अशी कारणे दिली जातात, आणि ती खरीच आहेत. पण ग्रंथ नकला करण्यावाचूनही नष्ट होतो. ताडपत्र किंवा कागद काही शतकांत जीर्ण होतो. त्याआधी कोणीतरी लेखनिकाला मोबदला देऊन नवी प्रत करून घेतली तरच तो पुढे जातो. धर्मग्रंथाच्या प्रतीला दाता मिळे, वैद्यकावरील टीकेला मिळेलच असे नाही. शास्त्रदानाचा हा व्यवहार व्यापाऱ्यांनीच चालविला. छापखान्याच्या काळातही तो थांबला नाही. कल्याणकारकाचे उदाहरण घ्यावे. वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी संपादित केलेला हा ग्रंथ १९४० मध्ये सोलापूरच्या सखाराम नेमचंद ग्रंथमालेतून हिंदी अनुवादासह प्रकाशित झाला, म्हणून आज त्यावर बोलता येते. मूडबिद्रीच्या ताडपत्रांत बंदिस्त असलेली धवला टीका डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून १९५८ पर्यंत सोळा भागांत बाहेर आली. तिचा आरंभ विदर्भातील अमरावतीहून झाला आणि खर्चासाठी निधी दिला तो भेलशाच्या शेठ शिताबराय लक्ष्मीचंद्र यांच्या घराण्याने. भेलसा म्हणजेच विदिशा, जेथे समंतभद्रांनी वादाची भेरी वाजविली होती.

आपल्या परिसराचाही या कामात मोठा वाटा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. बजाज टेम्पोमुळे आकुर्डीच्या औद्योगिक इतिहासात ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, ते श्री. नवलमलजी फिरोदिया यांनी पुण्यात सन्मति-तीर्थ ही संस्था उभारली. प्राकृत भाषांचा, विशेषतः जैन साहित्याला धरून, सर्वंकष व चिकित्सक शब्दकोश व्हावा ही कल्पना तिनेच हाती घेतली. डॉ. अमृत माधव घाटगे यांच्यासारख्या थोर विद्वानाकडे संपादन सोपविले गेले आणि भांडारकर संस्थेत कामाला सुरुवात झाली. मालवाहू टेम्पो तयार करणाऱ्या उद्योजकाला शब्दांच्या व्युत्पत्तीवर वर्षानुवर्षे खर्च करावासा वाटला. ताळेबंदात या रकमेचा परतावा दाखविता येत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले. त्याच निर्णयात प्राकृतलाही तो दर्जा मिळाला, हे मात्र किती घरांत बोलले गेले? सामायिक आणि प्रतिक्रमणाची सूत्रे याच भाषेतील आहेत. ती मुखोद्गत असणारी हजारो माणसे पिंपरी-चिंचवड, भोसरी, निगडी, चाकण परिसरात आहेत. त्यांचा अर्थ शब्दशः सांगू शकणारी किती, याची मोजदाद करण्याचे धाडस कोणत्याही मंडळाने अद्याप केलेले नाही. आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाने पिढ्यान्पिढ्या ही तहान भागविली. आजही त्या परीक्षांना बसता येते, आणि वयाची अट आड येत नाही.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेच्या वास्तूवर, भोजनशाळेवर, वैद्यकीय मदतीवर खर्च होत आहे आणि तो योग्यच आहे. त्याच अंदाजपत्रकात प्राकृत शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती आणि एका अप्रकाशित हस्तलिखिताचे संपादन, एवढी दोन कलमे बसू शकतात. विद्यार्थी कोणत्याही ज्ञातीचा, कोणत्याही धर्माचा असो. हस्तलिखितासाठी लांब जावे लागत नाही. चिंचवड स्थानकावर लोकल धरून शिवाजीनगरला उतरावे आणि विधी महाविद्यालय रस्त्यावरील भांडारकर संस्थेत जावे. एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारच्या वतीने ब्यूलर, कीलहॉर्न, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि पीटरसन यांनी गावोगाव फिरून जमविलेला संग्रह तेथे आहे. त्यातील जैन हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूची प्रा. हिरालाल रसिकदास कापडिया यांनी तयार केल्या आहेत. प्रा. ह. दा. वेलणकरांचा जिनरत्नकोश १९४४ मध्ये त्याच संस्थेने छापला. त्यात जैन ग्रंथांची नावे अकारविल्हे लावलेली असून कोणता ग्रंथ कोणत्या भांडारात आहे हेही दिले आहे. आणि ज्या घरांत, ज्या उपाश्रयांत, ज्या जुन्या मंदिरांच्या कपाटांत लाल कापडात बांधलेल्या पोथ्या पडून आहेत, त्यांनी त्या नदीत विसर्जित करण्यापूर्वी एकदा जाणकाराला दाखवाव्यात. अष्टांगहृदयोद्योत अजून मिळालेला नाही.